शिरीषाचा चिकटा

आबा, आज दुपारपासून तीनदा जिना उतरून गाडीपाशी जाऊन आले. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "गो बाय, पायाला भिंगरी लागली काय? बस की एका जागी." बसवतच नाही. टेबलावर सोसायटीचा अर्ज पडलाय. खालच्या शिरीषाचा चिकटा गाड्यांवर पडतो म्हणून तो तोडायचा आहे. सात सह्या झाल्यात, झाडाच्या माहितीची जागा माझ्यासाठी कोरी ठेवली आहे. सेक्रेटरी म्हणाले, "तुमी मुरबाडच्या शालेत विज्ञान शिकवता, तुमीच लिवा. बाईंनी लिवलं की कोन काय इचारनार नाय."

भातसानगरच्या रस्त्यावरचं ते कंत्राटदाराचं यार्ड आठवतं. तुम्ही साहेबांच्या जीपवर ड्रायव्हर होता. जीप उभी राहायची ती शिरीष आणि आंबा यांच्या मधे, दोघांच्या फांद्या एकमेकींत गेलेल्या. माघातली सकाळ आहे, मी तुमचा डबा घेऊन आलेय आणि काच रोजच्यासारखी चिकट झालीय. फडकं मारायच्या आधी तुम्ही काचेवरून बोट फिरवता आणि जिभेला लावता. "गोड हाय. झाडाचा चीक कदी गोड नसतो. आंब्याच्या मोहरावर तुडतुडं बसल्यात, त्यांचा हाय यो." एवढं म्हणून तुम्ही पाण्याची बादली आणायला जाता. तेवढ्यात साहेब येतात आणि हे कुठल्या झाडाचं म्हणून मलाच विचारतात. मी नववीत, झाडांचं पुस्तक नुकतंच बक्षीस मिळालेलं. मी ठसक्यात सांगते, शिरीषाचं. बादली घेऊन तुम्ही मागे येऊन उभे आहात. साहेब म्हणतात, "पोरगी हुशार आहे हां तुझी." तुम्ही तोंड उघडता, माझ्याकडे बघता आणि नुसते हसता.

दोन दिवसांत शिरीष आडवा झाला. त्याच्याच बुंध्याशी बसून तुम्ही दुपारची भाकरी खायचात. चिकटा काही थांबला नाही. साहेब भडकले, पोरीच्या डोक्यात हे कोणी भरलं म्हणून ओरडले. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "मीच सायेब. माजंच चुकलं." मी डबा हातात घेऊन तिथेच उभी होते. तुमच्याकडून जीपची किल्ली गेली आणि पाण्याचा टँकर आला. कसाऱ्यापर्यंतच्या खेपा मारून तुमची कंबर कायमची धरली. पुढच्या वर्षी म्हसा गावच्या जत्रेतून मला एक भिंग आणलंत, पत्र्याच्या डबीतलं, आणि म्हणालात, "आता नीट बघत जा गो." तेवढंच काय ते रागावणं. तेही मला आयुष्यभर पुरलं.

मघाशी तेच भिंग घेऊन खाली गेले. फांदी वाकवून पाहिली, पानांच्या देठांना बारीक किडे चिकटलेले. मग इकडे तिकडे बघून गाडीच्या काचेवरून बोट फिरवलं आणि चाटलं. गोड. वर येऊन कोऱ्या जागेत लिहिलं: झाड शिरीष, चिकटा किड्यांचा, पाण्याचे जोरदार फवारे मारून बघावेत, झाड तोडू नये. सही केली नाही. आता सगळे माझ्यावर उखडणार, उखडू देत. तरी जिवाला स्वस्थता नाही, कारण हे तुम्हाला सांगायला हवं होतं आणि तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली.

हे पत्र घडी करून भिंगाच्या डबीत ठेवीन, दुसरीकडे पाठवणार तरी कुठे? पण एक राहिलंच. त्या सकाळी तुम्ही बादली आणायला गेलात तेव्हा मीही काचेवरून बोट फिरवून चाटलं होतं, आबा. गोड लागलं होतं. पण साहेबांसमोर, माझा बाप काच चाटून झाड ओळखतो, हे सांगायची मला लाज वाटली.