लाल आणि पिवळ्या पुड्यांची वाटणी

दिनांक १४ नोव्हेंबर १९७३, बुधवार, सकाळी साडेआठ. मी दुकानापुढे घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होतो. शेजारचा चहावाला मच्छिंद्र आनंदाने सांगत आला, "गहिनीनाथ, माझ्या बायकोला, रतनला, काल केडगावच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरनी लाल पुड्या दिल्या, तुझा फोटो दाखवला. म्हनले, हा बघ तुमच्याच गावचा, खडखडीत बरा झाला." मी उत्तर द्यायला तोंड उघडले तोच खोकला आला आणि घमेल्यातले पाणी लाल झाले. मी दुकान बंद केले आणि हे लिहायला बसलो.

मी, गहिनीनाथ सूर्यभान शिरसाट, वय सव्वीस, शिक्षण सातवी नापास, धंदा सायकल दुरुस्ती व भाड्याने देणे, राहणार पाथर्डी, जिल्हा अहमदनगर, माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर आहे. त्याबद्दल डॉक्टरी दाखला जोडलेला नाही. डॉक्टरांच्या कागदाने आमच्या घराचे एकदा व्हायचे ते झाले आहे.

१. राहती खोली, पोस्टातले पैसे व घरातली भांडी आई राहीबाई हिची. ती जिवंत असेपर्यंत कोणीही तिला खोली सोड म्हणू नये.

२. भाड्याच्या चार सायकली व हत्यारे बहीण चांगुणा हिची. तिने त्या विकून टाकाव्यात आणि एक वर्ष तरी ऊसतोडीला जाऊ नये. मोठा पंप मच्छिंद्रचा. तो नाहीतरी विचारल्याशिवाय नेतोच.

३. धाकटा भाऊ बन्सी याच्या वाट्याचे लिहायचे काही उरत नाही, कारण तो गेल्या पौषात वारला. तो कसा वारला ते लिहितो, कारण माझ्याजवळ मागे ठेवण्यासारखी मोठी इस्टेट तेवढीच आहे.

आम्हा दोघांना एकाच पावसाळ्यात क्षय झाला. सरकारी दवाखान्यात इंजेक्शने फुकट मिळत होती. परंतु केडगावला डॉ. शरच्चंद्र वैशंपायन यांचा मोठा दवाखाना. त्यांनी आम्हाला तपासले, एसटीचे भाडे देऊ म्हणाले, आणि सांगितले की सरकारी इंजेक्शन घेतलेत तर इथे पाऊल ठेवू नका. एका इंग्रजी कागदावर अंगठा मागितला. मला सही येते असे मी म्हणालो. कंपाउंडर म्हणाला, "अंगठाच दे. सगळ्यांचे अंगठेच हायेत, तुझी एकट्याची सही कशाला?" कागदात काय आहे हे मी विचारले. औषध मिळाल्याची पावती, असे उत्तर मिळाले.

मला लाल कागदाच्या पुड्या मिळत आणि बन्सीला पिवळ्या. आतल्या गोळ्या सारख्याच पांढऱ्या. आईला ते पटले नाही. ती म्हणाली, "एकाला लाल, एकाला पिवळी, असं का? दोघांचा खोकला एकच हाय." आमच्या घरात एका लेकराला दिले आणि दुसऱ्याला नाही असे कधी झालेले नाही. शेंगदाण्याचा लाडूसुद्धा ती सुताने कापून वाटायची. तिने सगळ्या पुड्या फोडून गोळ्या डालड्याच्या एका डब्यात ओतल्या आणि रोज दोघांना सारख्या वाटल्या. पाच महिने हेच चालले.

बन्सी दवाखान्यातच गेला. त्यांच्याच जीपने त्याला घरी आणले, मागून सरणाची लाकडेही त्यांनीच पाठवली. चांगुणा तोडीवर होती, तिची वाट पाहू दिली नाही. इतकी घाई कशाला, हे मला तेव्हा कळले नाही.

ते कळले केडगावच्या त्याच दवाखान्यातल्या लीना सिस्टरकडून. तिने ती नोकरी सोडली आणि जाण्याआधी मला गाठून सांगितले, "भाऊ, लाल पुडीत नवीन औषध होतं. पिवळीत नुसता खडू." मुंबईच्या एका औषध कंपनीसाठी डॉक्टर ताडून पाहत होते की लाल घेणारे किती जगतात आणि पिवळी घेणारे किती मरतात.

मी केडगावला गेलो. डॉक्टर चांगले बोलले. तुझा फोटो पुस्तकात छापला, पुण्याला मोठ्या सभेत दाखवला, असे म्हणाले. मी बन्सीचे विचारले. ते म्हणाले, "हे बघ, कुणाला तरी पिवळी घ्यावीच लागते. त्याशिवाय लालचा गुण कळणार कसा?"

मी विचारले, "साहेब, तुमच्या घरातली पिवळी कोणी घेतली?"

त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावले.

डब्यातल्या वाटणीचे मी त्या दिवशी त्यांना सांगणार होतो. ते पोटात ठेवून परत आलो. म्हटले, यांना आणखी सभा करू द्या, हार घालून घेऊ द्या. जितके वर चढतील तितके बरे. मी मेल्यावर माझे मृत्युपत्र उघडेल आणि तेव्हा ते पडतील. गेले आठ महिने मला त्याच विचाराने झोप लागत होती.

आज मच्छिंद्रच्या बायकोच्या हातात लाल पुडी आहे, आणि ती माझ्या फोटोच्या भरवशावर आहे. म्हणून हे कलम माझ्या मरणासाठी थांबणार नाही. याच्या नकला आजच्या टपालाने कंपनीला, डॉक्टरकीचा परवाना देणाऱ्या मुंबईच्या मंडळाला आणि नगरच्या वर्तमानपत्राला जातील. त्यात एवढेच लिहिले आहे: लालवाला आणि पिवळावाला यांनी एकाच डब्यातले खाल्ले. कोणाच्या पोटात काय गेले ते आम्हाला माहीत नाही, मग डॉक्टरांना कुठून माहीत? बरा झालेला इसम रक्त ओकतो आहे. ज्यांनी खात्रीने फरक पडला असता ती इंजेक्शने डॉक्टरांनी आम्हाला घेऊ दिली नाहीत. रतनबाईला मच्छिंद्रने उद्याच सरकारी दवाखान्यात न्यावे.

४. डॉक्टर आता म्हणतील की आईने गोळ्या मिसळल्या म्हणून मुलगा गेला. त्यांनी तिला एका शब्दाने सांगितले असते तर तिने डब्याला हात लावला नसता. तो शब्द त्यांनी मुद्दाम गिळला. हे कलम आणि मागचे कलम आईला कोणी वाचून दाखवू नये. जो दाखवील त्याचे माझ्या तेराव्याला काम नाही.

५. बन्सी शेवटचा आठवडा दवाखान्यात होता, म्हणून त्याच्या त्या आठवड्याच्या पिवळ्या पुड्या डब्यात न ओतता न उघडलेल्या राहिल्या आहेत. त्यांतल्या निम्म्या लीना सिस्टरने सरकारी प्रयोगशाळेत द्याव्यात. उरलेल्या मी डॉ. वैशंपायन यांना मृत्युपत्राने देतो. पुढे त्यांच्या घरात कोणाला खोकला झाला, तर त्या त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला द्याव्यात आणि काय होते ते लिहून ठेवावे.

६. माझे प्रेत केडगावच्या जीपमध्ये घालू नये. त्यांची लाकडे आली तर परत पाठवावीत. आधी सरकारी इस्पितळात नेऊन माझी छाती उघडावी, डॉक्टर वैशंपायन त्या खोलीत नसावेत, आणि अहवालाची नक्कल चांगुणाला मिळावी. आई म्हणते, "गहिन्या, तुला कापू द्यायची न्हाई मी." तिला मी सांगितले आहे की भोक सापडल्याशिवाय पंक्चर निघत नाही. ती रडली, परंतु नाही म्हणाली नाही. चांगुणा तोडीवरून येईपर्यंत मला जाळू नये, वास आला तरी चालेल.

७. व्यवस्था पाहण्यासाठी मामा गोरक्षनाथ यांना नेमतो. डॉक्टर पैसे घेऊन येतील. मामांनी त्यांना पाणी द्यावे, चहा देऊ नये.

८. जीव गेल्याबरोबर माझ्या उजव्या अंगठ्याला फडके गुंडाळून गाठ मारावी. त्यानंतर माझ्या अंगठ्याचा कोणताही कागद निघाला तर तो खोटा समजावा. जिवंतपणी मी एकदाच अंगठा दिला. खाली सही करतो.

गहिनीनाथ सूर्यभान शिरसाट

आमच्यासमोर पूर्ण नावाने सही केली. तो शाई वाळेपर्यंत थांबला व अक्षरे पुन्हा तपासून पाहिली.

साक्षीदार:
लीना गायकवाड, परिचारिका, सरकारी दवाखाना
मच्छिंद्र बाबुराव मरकड, चहाचे दुकान

मुक्काम पाथर्डी, १४ नोव्हेंबर १९७३