चुलीवरचा माळा

गुरुजी, इदो या युरोपात मुद्दाम रचलेल्या भाषेतले ‘पुत्रार’, म्हणजे सडणे, हे क्रियापद तुम्ही मला भोरच्या तुमच्या बिऱ्हाडी दाखवलेत. त्यात ‘पुत्र’ ऐकून मी हसलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, “नाद जुळला म्हणून नाते ठरत नाही. नाते हवे तर जखमेतला आपला ‘पू’ पाहा. तो आणि या क्रियापदामागचा लॅटिन धातू एका मुळाचे.” मग चिठ्ठ्या मांडल्यात: पुत्रांता, सडत असलेले, पुत्रिंता, सडून गेलेले, पुत्रिगार, सडवणे. अशा चिठ्ठ्यांतून कित्येक वर्षे तुमचा इदो-मराठी कोश उभा राहत होता. मी वेल्ह्यात मास्तर झालो, तेव्हा शुद्ध प्रत करण्यासाठी ते सारे गठ्ठे तुम्ही माझ्या स्वाधीन केलेत. दुसरी प्रत नव्हती.

आमच्याकडे पावसाळ्यात जे कोरडे राहायला हवे ते चुलीवरच्या माळ्यावर, धुरात ठेवतात. आई म्हणाली, “कागुद काय येगळा हाय व्हय? हितंच ठिव.” धुराने कागद काळा पडतो, काळ्या कागदावर शाई दिसत नाही, म्हणून माळा वर्ज्य, असे मी तिला सिद्ध करून दाखवले. गठ्ठे पत्र्याच्या पेटीत घातले, पेटी भिंतीशी जमिनीवर ठेवली आणि प्रत करणे उद्यावर ढकलत राहिलो. भाद्रपदात झाकण उघडले तेव्हा आत बुरशीचा लगदा होता. माळ्यावरचे भोपळ्याचे बी मात्र कोरडे खडखडीत.

दसऱ्यानंतर तुम्ही चालत आलात. ओसरीवर बसलात, लगदा बोटांनी उलगडून पाहिलात. पेटी जमिनीवर कोणी ठेवली, एवढेच विचारलेत. आई उंबऱ्यातून म्हणाली, “म्याच ठिवली, गुर्जी. ह्यो नुसता शिकलाय, घरातलं त्याला काय ठावं.”

“बाई, तुम्हांला कोणी शिकवले नाही, तुमच्यावर राग कसला? शिकवलेल्याने केले असते तर आला असता.”

चहा घेऊन तुम्ही गेलात. कोश पुन्हा हाती घेतला नाहीत, आणि पुढच्या पावसाळ्याआधीच वारलात. आईही आता नाही. हे पत्र पाठवायला ठिकाण नाही. मी ते माळ्यावर ठेवणार आहे.

तिने खोटे बोलावे असे मी सुचवले नव्हते, हा बचाव मी आजवर स्वतःपुढे मांडत आलो. तो अपुरा आहे. तुम्ही विचारलेत तेव्हा मी तिच्याकडे पाहिले होते.