दारातला नवा रस्ता

शुक्रवार, १४ तारीख

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. तू खुशाल असशील असं धरून चालते, कारण कळायला दुसरा मार्ग तू ठेवलेला नाहीस. फोन मधेच कापतोस, म्हणून हे पत्र तुझ्या गोदामाच्या पत्त्यावर.

आधी बढाई मारून घेते. आपल्या दारातला रस्ता झाला, तोही माझ्या देखरेखीखाली! दुधाच्या पिशव्यांचा चुरा तापलेल्या खडीवर टाकायचा, तो वितळून खडीला चिकटतो. डांबरात जुन्या टायरांचा भुगा. पहिल्याच दिवशी खडी जास्त तापली आणि असा धूर निघाला की मुकादम म्हणाला, "मॅडम, रस्ता करताय की डास मारताय?" अख्खी गाडी परत पाठवली.

टायर कुठले, विचार. आपल्या अप्पांच्या दुकानामागचा ढीग. मागायला माझी जीभ रेटत नव्हती, पण तेच काठी टेकत आले, एकेका टायरवरून हात फिरवला आणि "ने" म्हणाले. एकापाशी मात्र थांबले. ठिगळ चाचपलं. "हा धाकट्याच्या पहिल्या ट्रकचा. मीच चिकटवलं होतं." मग तोही दिला.

तू त्यांना म्हणालास, आंधळ्यानं टायरचं दुकान चालवू नये. त्यांनी तुला घराबाहेर काढलं. दोघंही एकाच माळेचे मणी, मधल्यामध्ये माझा जीव जातो. त्यानंतर दर गुरुवारी चारच्या सुमारास तुझा ट्रक दारावरून जायचा, वळणावर हळू व्हायचा, थांबायचा मात्र नाही. तुला वाटलं असेल, कुणाला पत्ता नाही. अप्पांना तुझ्या ट्रकचा खडखडाट बरोब्बर ओळखू यायचा. तू लांब जाईपर्यंत हातातला कप तसाच धरून बसायचे आणि मग चहा गार झाला म्हणून माझ्यावर डाफरायचे.

टायरच्या भुग्यामुळे नव्या रस्त्यावर चाकांचा आवाज निम्मासुद्धा येत नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली. अप्पांना मात्र गाड्या ओळखू येईनात. पहिल्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "गेला का गं?" मी तुला खिडकीतून बघितलं होतं. "गेला, हळूही झाला होता," म्हटलं. त्यांचा चेहरा असा काही खुलला की काय सांगू.

त्यानंतर तीन गुरुवार तू आलाच नाहीस.

मी मात्र "गेला" म्हणत राहिले. खोटं बोलणं मला कधी इतकं सोपं गेलं नव्हतं, रस्ताच माझ्या बाजूने होता.

काल अप्पा आधीच खिडकीशी येऊन बसले होते, तळहात काचेवर टेकून. चार वाजले. मी म्हटलं, "गेला बघा." त्यांनी काचेवरचा हात काढला नाही. मग म्हणाले, "माल भरलेली गाडी गेली की काच थरथरते, बाळ. मागच्या गुरुवारीही नाही थरथरली."

मला रडू फुटलं. त्यांनी उलट माझ्याच डोक्यावर हात ठेवला. "त्याला बरं नाही का गं? खरं सांग."

धाकट्या, मला सांगता आलं नाही, कारण मलाच माहीत नाही. आजारी आहेस? मार्ग बदलला, की आमच्या दारावरून जाणंही नको झालं? काहीही असो, ये. माफी मागू नकोस, तेही मागणार नाहीत. ट्रक दारात लाव आणि आत ये, बस्स.

येत्या गुरुवारी मी दिवसभराची रजा टाकली आहे. अप्पांना या पत्राचं सांगणार नाही. त्यांनी विचारलं तर खिडकीबाहेर बघेन आणि दिसेल तेच सांगेन.

आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलेली,
तुझी ताई