चाचणीपुरती बंद

बोईसर, ९ मार्च १९९८

प्रिय सुगंधा,

पाकीट मिळालं. तुझ्या सहकाऱ्याने, नरहरीने, दिलेल्या प्रोग्रॅमच्या तयार साच्याचे अकराही कागद पट्टी धरून वाचले. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. पण इंग्रजी येतं, आणि दुसऱ्याची तयारी संशयाने तपासायची कारखान्याच्या प्रयोगशाळेतली सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

कंट्रोल रूमच्या प्रोग्रॅमला जोडायचा प्लगइन तुला एप्रिलपर्यंत द्यायचा आहे: टाकीचं तापमान वाढलं की घंटा वाजवणारा. कोरा साचा घेतला तर सगळं स्वतः लिहायचं, नरहरीचा घेतला तर आठवड्यात चालू. इतकी आयती वस्तू तो का वाटतो, हा प्रश्न तुला पडलाच नाही? ‘आई, तुला सगळेच चोर वाटतात,’ असं दिवाळीत म्हणाली होतीस. नरहरी चोर नाही, निष्काळजी आहे. आठव्या पानावर खालून चौथी ओळ बघ. घंटा बंद. शेजारी त्याचाच शेरा: चाचणीपुरती. काम करताना कान किटले असतील, मग चालू करायचं राहिलं. आता हा साचा असलेली फ्लॉपी ज्याच्या हातात जाईल, त्याच्याकडे बंद घंटा जाईल.

भिकामामा बरा आहे. रविवारी कुंभवलीहून आला होता, त्याच्या लेकीने, भागीने, हात धरून आणला. तुझ्यासाठी सुकट दिली आहे. तू घंटेचं काम करतेस म्हटल्यावर हसला. म्हणाला, ‘चांगला हाय. पन वाजली पायजे हां, बाई!’ मी चहा टाकायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

तुला लहानपणापासून सांगत आले की एकोणऐंशी साली कारखान्यातली घंटा जुनी होती, म्हणून वाजली नाही. घंटा नवी होती. त्या सकाळी चाचणी घेताना ती सारखी ठणाणत होती, म्हणून तिच्या हातोडीला मीच फडकं गुंडाळलं. तुला ताप होता. कामाची पाळी संपताच तशीच घरी आले, फडकं काढायचं राहिलं. दुपारी वाफ सुटली तेव्हा भिका टाकीपाशी होता. दवाखान्यात, डोळ्यांवर पट्ट्या बांधलेला, तो मलाच विचारत होता, ‘बाई, घंटा का नाय वाजली?’ तोवर फडकं मी काढून आणलं होतं. ते माझ्या पर्समध्ये होतं. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. येत्या रविवारी कुंभवलीला जाऊन त्याला सांगणार आहे. त्याच्याआधी तुला कळावं, म्हणून हे पत्र. तू कोरा साचा घे.

तुझीच,
आई