देवाच्या मडक्यातले तांदूळ

२९ ऑक्टोबर, मंगळवार
मडकं गळ्यापर्यंत भरलं! भात चढवण्याआधी दर वेळी एक मूठ देवाची — माझी कधी चुकली नाही. बाळंतपणातही नाही. आमच्या डोंगरावरच्या साऱ्याच बायका मूठ काढतात, पण त्यांच्या मुठी चिमणीच्या. माझी अस्वलाची! पुढच्या आठवड्यात चर्चच्या मंडळीतली थानछुंगी टोपली घेऊन गोळा करायला येईल. वर्षाअखेरी देवळात सगळ्यांत आधी माझं नाव वाचतात. यंदाही वाचणार. तिने जळावं खुशाल.

३१ ऑक्टोबर
शेजारच्या डुकरांच्या रिकाम्या खोपटात नदीपलीकडची बाई आलीय. तिआल नाव. तीन लेकरं. तिकडे गोळीबार, गाव जाळलं. तीही येशूचीच. बरं.
सून म्हणाली, "आई, जेवायला बोलावू का?"
आपलीच कणगी तळाला गेलीय, नवं भात अजून डोंगरावर उभं. कोण कोणाला वाढणार!

३ नोव्हेंबर, रविवार
मंडळीचे वडील, म्हणजे देवळाचे पंच, झुआला उपदेशात फार लांब बोलले. एवढंच लक्षात राहिलं — सगळं शास्त्र दोन खुंट्यांवर टांगलंय. देवावर जीव लाव, शेजाऱ्यावर जीव लाव. मी मान डोलावली. गाणं सगळ्यांत मोठ्याने माझंच.
घरी आले तर डुकरांसाठी ठेवलेल्या तांदळाच्या धुवणात तिआलचा धाकटा वाटी बुडवत होता. प्यायला! मला बघून पळाला.
जेवण गेलं नाही. धुरी दिलेलं मांस होतं, तरी.

४ नोव्हेंबर
मडकं उचललं. सून दारात आडवी — "आई, ते देवाचे तांदूळ!"
"मग देवाकडेच नेतेय. सरक."
तिआलच्या टोपलीत सगळे ओतले. ती रडायला लागली. म्हटलं, "रडून भात शिजत नाही. चूल पेटव."

६ नोव्हेंबर
थानछुंगी टोपली घेऊन आली. मडक्यात डोकावली. रिकामी टोपली घेऊन भरभर निघाली — आता गावभर बोलणार.

८ नोव्हेंबर
वडील झुआला आले. चहा प्यायले, साखर दोनदा मागितली. मग थोरल्या बाईला लावतात तसं मानाने 'पी' लावून म्हणाले, "पी रुआली, मंडळीच्या तांदळाला हात लावलात. तुम्हीच असं केलंत तर बाकीच्या बायका काय करतील?"
"करू देत की!"
"मग यंदा तुमचं नाव वाचता यायचं नाही."
लागलं. खोटं कशाला लिहू — फार लागलं. पण म्हटलं, "वडील, खुंट्या दोन, हे तुम्हीच सांगितलंत. सगळं ओझं एकीवरच टांगलं तर ती उपटून येणार नाही का?"
कप ठेवून उठले. माझी मान ताठ!

१ डिसेंबर, रविवार
देवळात वर्षाची नावं वाचली. पहिलं थानछुंगीचं. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याहून मोठ्याने आमेन म्हटलं. माझं नाव कुठेच नाही. शेवटपर्यंत ताठ बसले. पाठ धरली.

५ डिसेंबर
नदीपलीकडून आणखी एक घर आलं, म्हाताऱ्यासकट. आता नवं भात घरात आलंय. मी मडकं घेऊन धावले — पहिली मीच!
खोपटात आधीच धूर. तिआल त्यांना वाढत होती.
"तांदूळ कुठले गं?"
"तुमचेच, पी. शिजवण्याआधी रोज मूठभर बाजूला ठेवत होते."
तिची मूठ पाहिली — चिमणीचीच.
मी दुसरी आले — हे गावभर मीच सांगत फिरले.