मेबल आणि स्वेन, एकाच पेटीत

स्प्रूस लेक, मिनेसोटा
२ नोव्हेंबर १९९७

चि. ग्रेटास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. छपराची डागडुजी बर्फाच्या आधी उरकायची होती, त्यात दिवस गेले. तळं कडेकडेने गोठायला लागलंय. शेजारची बर्निस दर रविवारी भाजलेल्या मांस-बटाट्याचं भलंमोठं भांडं भरून आणते. बायको गेलेला माणूस उपाशीच मरतो, अशी तिची ठाम समजूत आहे. तू फोन केला होतास म्हणे. कानाचं यंत्र सापडेपर्यंत तो वाजून थकला असेल. तू आपली लिहीतच जा.

एक बातमी आहे. तुझ्या आईच्या मेबलला मी वरून खाली आणलं आणि माझ्या स्वेनच्या पेटीत ठेवलं. दोन अजगर, एक पेटी, एक दिवा. आई गेल्यापासून ती वर एकटीच पडून असायची, ते बघवेना. आधी दोघांनी एकमेकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पण आता येऊन बघ! दिव्याखालच्या दगडावर एकाच्या अंगावर एक वेटोळी घालून पडलेली असतात. मेबल तर उबेची जागा स्वेनला देते आणि आपण पाण्याच्या भांड्याकडे सरकते. तुझी आई पांघरुणाच्या बाबतीत असंच करायची. पाहून जिवाला बरं वाटतं.

जावईबापूंना सांग, पाठवलेली हिरवी मिरची एकदाच खाल्ली, आठवण मात्र तीन दिवस पुरली. पिलारला गोड पापा.

माया आहेच, तिला थंडी लागू देऊ नकोस.
तुझा,
बाबा

---

सोकोरो, न्यू मेक्सिको
११ नोव्हेंबर १९९७

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू मावळलं. बाबा, ती दोघं गळ्यात गळा घालून बसलेली नाहीत, जागेसाठी भांडताहेत. साप आरडाओरडा करत नाही. दुसऱ्याच्या अंगावर चढून गुपचूप ऊब बळकावतो, आणि आपण त्याला माया समजतो. हे मला आईनेच शिकवलं. लहानपणी मी दोन साप एकत्र ठेवायचा हट्ट धरला होता, तेव्हा ती म्हणाली होती की सापाला मित्र नको असतो. त्याला उबेची जागा हवी, लपायला कोपरा हवा आणि कुणाची कटकट नको. स्वेन तरणाबांड, मेबल म्हातारी. ती जागा देत नाही, तिची जागा जाते. तिला तिच्या जुन्या पेटीत परत ठेवा. आणि ती खाते का, तेही कळवा.

दुसरी गोष्ट. एवढ्या थंडीत, एवढ्या मोठ्या घरात तुम्ही एकटे कशाला राहता? इकडे खोली रंगवून तयार आहे. पिलारने दारावर तुमचं चित्र चिकटवलंय. नाक जरा मोठं झालंय, पण तोमास म्हणतो हुबेहूब आहे. मिरची हळूहळू वाढवू, असंही तो म्हणतो. या ना. सगळे एकत्र राहू, एकमेकांना सोबत होईल.

बर्निसकाकूंना नमस्कार. आमच्यावरची माया आहे तशीच ठेवा.
तुमची,
ग्रेटा

---

स्प्रूस लेक
२० नोव्हेंबर १९९७

चि. ग्रेटास,
अ. उ. आ.

तुझं पत्र बर्निसला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मुलीने वकील व्हायला हवं होतं. मी म्हटलं, वकिलाला निदान आधीच्या पानावर आपण काय बोललो ते आठवतं. पहिल्या पानावर लिहितेस, दोघांना एकत्र ठेवणं हा छळ आहे. पान उलटतो तर, सगळे एकत्र राहू! सापाला स्वतंत्र खोली आणि बापाला तुमच्यात कोंबायचं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुमच्या घरात न्हाणीघर एक. सकाळी चौघं रांगेत उभे राहिलो की कळेल, दगडावर कोण कुणाच्या अंगावर चढतंय ते.

मेबलने पेटी बदलल्यापासून खाल्लेलं नाही. त्यात काय मोठंसं? म्हातारपणी भूक मंदावते. माझीही मंदावली आहे. (बर्निसचं भांडं हे औषध म्हणून घेतो.) स्वेन मात्र छान जेवतो. गोठवलेले उंदीर आणि तुझ्या आईच्या उरलेल्या बटाट्याच्या पोळ्या फ्रिझरमध्ये शेजारी शेजारी आहेत. पोळ्या मी अजून काढलेल्या नाहीत.

तिची जुनी पेटी वर आहे आणि वरच राहील. हा विषय इथे संपला.

रागावून लिहिलंय असं वाटलं तर तसंच समज, पण माया कमी करू नकोस.
बाबा

---

सोकोरो
१ डिसेंबर १९९७

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

टोमणा लागला, आणि खरा होता म्हणून जास्तच लागला. तोमासने तर पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुमच्या बाजूने हसला. पण विषय संपलेला नाही, बाबा. इथल्या प्राण्यांच्या डॉक्टरीण बाईंना मी मुद्दाम गाठलं. त्या म्हणाल्या, गार जागेत पडून राहिलं की सापाच्या छातीत कफ होतो. नाकाशी बुडबुडे दिसले किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागली, तर एक दिवसही थांबायचं नाही. रोज तिला नीट बघा, एवढं तरी ऐका.

आणि एक विचारते. तुम्ही सुतार. आमच्या खाटा, शाळेची बाकं, आईच्या एकूणएक सापाची पेटी तुमच्या हातची. कुठल्या प्राण्याला किती जागा लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग वर चांगली पेटी रिकामी असताना मेबलला तिथे का ठेवत नाही? भांडायला विचारत नाहीये. मला खरंच कळत नाहीये.

पिलार विचारते, आजोबांचं नाक खरंच एवढं आहे का. काय सांगू ते कळवा.

माझ्यावर चिडा, पण लिहायचं थांबू नका.
तुमची,
ग्रेटा

---

स्प्रूस लेक
१४ डिसेंबर १९९७

चि. ग्रेटास,
अ. उ. आ.

तू लिहिलंस तेच झालं. सोमवारी मेबलच्या नाकाशी बुडबुडे दिसले. मांडीवर घेतली तर अंगात जोर नव्हता. तिच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता म्हणे. मला कुठला ऐकू यायला, बर्निसने सांगितला. तिला उशीच्या अभ्र्यात घालून कोटाच्या आत छातीशी धरलं. बर्निसने गाडी चालवली. आयुष्यात कधी सापाला हात न लावलेली बाई, वाटेत दोनदा विचारत होती की तिला पुरेशी ऊब लागतेय ना.

डॉक्टरने इंजेक्शनं दिली, पुढची कशी द्यायची ते मला शिकवलं. वजन फार उतरलंय म्हणाला. मग त्याने विचारलं की घरात दुसरी पेटी नाही का. त्याला उत्तर दिलं नाही, तुला देतो.

मेबलची पेटी तुझ्या आईच्या शिवणाच्या खोलीत आहे. उबेचा दिवा तिथे कायम लागलेला असायचा आणि दाराखालून उजेड बाहेर यायचा. आई गेल्यावरही येतच राहिला. जिन्यावरून जाताना दरवेळी वाटायचं, आत बसून शिवतेय. आणि दरवेळी ती नाही हे नव्याने कळायचं. ते मला सोसेना, ग्रेटा. म्हणून मेबलला खाली आणलं, दिवा बंद केला, दार लावून घेतलं, आणि मेबलला सोबत हवी आहे अशी स्वतःची समजूत घातली. ते मुकं जनावर माझ्यापायी गारठत राहिलं, आणि मी तुला सांगत होतो की किती छान बसली आहेत.

आता ती वर आहे, तिच्या पेटीत. दिवा लावला आहे. वाचेल की नाही, डॉक्टर सांगत नाही. ही गेली तर तुझ्या आईने हाताळलेलं जिवंत असं या घरात माझ्याशिवाय काही उरणार नाही.

उत्तर लवकर धाड.
बाबा

---

सोकोरो
२० डिसेंबर १९९७

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून खूप रडले. तोमासने स्वयंपाक केला, पिलार माझ्या मांडीवर बसून राहिली.

बाबा, मीही तेच करत होते. रोज संध्याकाळी भांडी घासताना मला तुमचं जेवणाचं टेबल दिसतं. आईची खुर्ची आत सरकवलेली, आणि एकच ताट. ते चित्र डोळ्यांपुढे नको, म्हणून तुम्हाला इकडे ओढत होते. तुम्हाला सोबत होईल असं लिहिलं, पण ऊब मला हवी होती. तुम्हाला काय हवंय, हे मी एकदाही विचारलं नाही.

आता विचारते. इकडे यायचं नाही म्हणालात तरी चालेल, मी तिथे येत जाईन. घाई नाही. आधी मेबलचं कळवा.

तुमच्या मायेवर भरवसा ठेवून,
ग्रेटा

---

स्प्रूस लेक
१८ जानेवारी १९९८

चि. ग्रेटास,
अ. उ. आ.

काल मेबलने खाल्लं. लहानसाच उंदीर, पण पुरता गिळला. बर्निसला जाऊन सांगितलं तर तिचे डोळे भरले. मग म्हणाली, साप जेवला म्हणून रडणारी बाई या गावात दुसरी सापडायची नाही, कुणाला सांगू नका. मी आधी तुलाच सांगतोय.

इंजेक्शनांमुळे शिवणाच्या खोलीत जाणं भागच होतं. सुरुवातीला काम उरकून पळ काढायचो. मग जरा टेकायला लागलो. आता सकाळची कॉफी घेऊन तिथेच बसतो. मेबल दगडावर एकटी ऐसपैस पसरलेली असते, कुणाची वाट पाहत नाही, कुणावर रुसलेली नाही. तुझी आई म्हणायची ते मला आता पटलं. खाली स्वेनही मजेत आहे. कुणालाही दुसऱ्याची आठवण येत असल्याची काही खूण नाही.

तू विचारलंस, मला काय हवंय. पुष्कळ विचार केला. सापाला सोबत लागत नाही. मला लागते.

एप्रिलमध्ये रस्ते मोकळे झाले की तू ये. आईचे कपडे एकट्याने आवरवत नाहीत, ते दोघं मिळून आवरू. मग मला तिकडे न्यायला तोमासला त्याची गाडी घेऊन यायला सांग. पेट्या दोन आहेत, त्या दोन निरनिराळ्या खोल्यांत ठेवायच्या, त्यावर वाद नको. मला मात्र ती रंगवलेली खोली नको. तुमच्या स्वयंपाकघराला लागून सामानाची खोली आहे ना, ती दे. तुमचं बोलणं मला ऐकू येणार नाही, पण माणसं घरात वावरत असली की पायाखालच्या लाकडी फळ्यांना ते कळतं, आणि फळ्यांकडून मला. इथल्या फळ्या तुझी आई गेल्यापासून गप्प आहेत.

तुझा,
बाबा