निशाण उतरवण्याचा हुकूम

फाल्मथ, ३ नोव्हेंबर १७९५

चि. जागोस, अ. उ. आशीर्वाद.

फ्रेंचांच्या कैदेतून सुटून तू प्लिमथला पोचलास, हे पाकिटावरच्या तुझ्या कावळ्याच्या पायांसारख्या अक्षरावरूनच ओळखलं. केशराचा पाव पाठवते आहे. एकटा खाऊ नकोस.

जहाज गमावलं की न्यायसभा बसतेच, असं मामंजी म्हणतात. त्यांच्या मुलानं निशाण उतरवून शरणागती पत्करली असेल तर आपण गावाला तोंड दाखवणार नाही, असंही म्हणतात. हे गेले, आता नाव तेवढं उरलंय. आमचे कप्तान शेवटपर्यंत झुंजले, एवढं सभेत सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई, टॅमसिन


प्लिमथ, ९ नोव्हेंबर

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

पाव सोबत सुटलेल्यांना वाटून टाकला.

ताई, भावोजींनीच निशाण उतरवायला सांगितलं होतं. दोन डोलकाठ्या मोडल्या होत्या, खालच्या तोफा पाण्यात होत्या. पाय तुटलेले भावोजी माझी बाही धरून म्हणाले, की पुरे झालं, पोरांना जगू दे. मी ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं. मला नाव हवं होतं. ते गेल्यावर जहाज माझ्या हाती आलं, आणखी तासभर लढलो. त्या तासात एक्याण्णव माणसं मेली. मग निशाण मीच उतरवलं.

गप्प राहिलो तर कप्तान होईन, भावोजींचं नावही राहील. खरं बोललो तर हुकूम मोडला म्हणून गळ्यात दोर. तू सांगशील ते करीन.

रागावलीस तरी टाकू नकोस.
जागो


फाल्मथ, १४ नोव्हेंबर

चि. जागोस, आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. आधी तुझा राग आला, मग ह्यांचा, शेवटी माझाच.

आमच्या गल्लीत अकरा बायका विधवा झाल्यात. शेजारची मोर्वेना रोज विचारते, तिचा नवरा कशासाठी मेला? शौर्य, शौर्य म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांना मरायचं नसतं, जागो! पोरं वाचवायला स्वतःची अब्रू टाकणारा माणूस माझा नवरा होता. कळू दे जगाला. मामंजींचं मी बघते.

खरं सांग. दोर पडला तर जन्मभर रडेन, पण मान वर करून.
ताई


प्लिमथ, २१ नोव्हेंबर

ती. ताईस, नमस्कार.

सगळं सांगितलं. सभापतींनी मध्येच थांबवलं: जखमेच्या तापानं लेफ्टनंट भ्रमलेत, हे लिहून घेऊ नका. मला बाहेर काढलं. परत बोलावलं तेव्हा मेजावर माझ्या तलवारीची मूठ माझ्याकडे होती. टोक असतं तर दोषी. मी टोकाचीच वाट पाहत होतो.

चाळीस तोफांचं जहाज दिलंय. उद्याच्या ओहोटीला निघायचं. आज खलाशांनी टोप्या उडवून जयजयकार केला, शेवटपर्यंत झुंजणारा कप्तान मिळाला म्हणून. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर ते आणखीच जोरात ओरडले.

आशीर्वाद दे, मला नको, त्यांना दे.
जागो